व्हिसाच्या कुठल्या खिडकीवर कुठलं काम होतं: पोरं परदेशात असलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांसाठी

सातारा, कराड, वाई, कोरेगाव, कुठल्याही गल्लीत गेलात तरी आता दोन-चार घरं अशी सापडतातच की ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, इंग्लंडला नाहीतर दुबईला आहे, आणि त्या घरातले आईवडील कधी ना कधी या व्हिसाच्या कामात पडतातच. पोरं तिकडनं फोनवर एक सांगतात, पोवई नाक्यावरचा एजंट वेगळंच सांगतो, शेजारचे जाऊन आलेले काका तिसरंच, आणि शेवटी माणूस एवढा गोंधळतो की स्वतःच्या नातवंडाला भेटायला जायचं म्हणलं तरी पोटात गोळा येतो. मला हे बघवत नाही, म्हणून जेवढं नीट माहिती आहे तेवढं सविस्तर लिहितोय. उदाहरणं जास्त अमेरिकेची आहेत कारण सगळ्यात जास्त भीती तिथलीच असते, बाकीच्या देशांचं पुढं थोडक्यात सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. व्हिसाच्या कामात वेगवेगळी माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या हातात एकच काम आहे. फॉर्म तुम्ही भरता (किंवा पोरगं, किंवा एजंट तुमच्यासाठी भरतो). बोटांचे ठसे आणि फोटो एक सेंटर घेतं. व्हिसा द्यायचा की नाही हे कॉन्सुलेटमधला अधिकारी ठरवतो. आणि तिकडं उतरल्यावर किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, तो वेगळ्याच खात्याचा असतो. आपल्या फेरफारासारखंच आहे बघा, नोंद तलाठी लिहितो पण मंजूर मंडल अधिकारी करतो, तलाठ्याला कितीही विनवलं तरी ती सही त्याच्या हातातच नसते. लोक नेमकं हेच विसरतात. ठसे घेणाऱ्या मुलीला विचारत बसतात की आमचं होईल ना, आणि कॉन्सुलेटच्या साहेबाला विचारतात की सहा महिने राहिलं तर चालेल ना. पहिलीला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही आणि दुसऱ्याला दुसऱ्याचं.

एम्बसी आणि कॉन्सुलेट हा पण घोळ असतो. एम्बसी म्हणजे राजदूतांचं ऑफिस, ते राजधानीत, म्हणजे दिल्लीत. कॉन्सुलेट म्हणजे त्याच देशाचं दुसऱ्या शहरातलं ऑफिस. अमेरिकेच्या व्हिसाचं काम दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला होतं आणि भारतातला माणूस यातल्या कुठल्याही ठिकाणी अर्ज करू शकतो, साताऱ्याचा म्हणून मुंबईच पाहिजे असं बंधन नाही. हैदराबादची तारीख लवकर मिळत असेल तर तिथं जाता येतं. पण घरातल्या मोठ्या माणसांना हिंदी-इंग्रजी जड जात असेल तर मुंबईच धरा असं मी सांगेन, कारण तिथं मराठीत मुलाखत देता येते आणि या एका गोष्टीनं माणसाचं निम्मं टेन्शन जातं. मुंबईचं कॉन्सुलेट बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला म्हणजे बीकेसीत आहे. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून ब्रीच कँडीची लिंकन हाऊसची बिल्डिंग असते पण ते २०११ लाच तिथनं हललं, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना एवढं लक्षात ठेवा.

आता फॉर्म. अमेरिकेच्या फॉर्मला डीएस-१६० म्हणतात. तो ऑनलाईन असतो, इंग्रजीतच भरायचा असतो, आणि फॉर्म भरायला एक रुपयासुद्धा लागत नाही, पैसे लागतात ते पुढं फी भरताना. त्यामुळं कुणी "फॉर्मची सरकारी फी" म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर समजून जा की ते त्याच्या मेहनतीचे आहेत, सरकारचे नाहीत. मेहनतीचे घेऊ देत, त्यात काही वाईट नाही, पण तसं सांगून घेऊ देत. फॉर्म उघडला की वर एक अ‍ॅप्लिकेशन आयडी येतो तो आधी वहीत लिहून घ्या, कारण साधारण २० मिनिटं काही हालचाल झाली नाही की ते पान बंद पडतं, आणि आयडी जवळ असेल तर पुढचे ३० दिवस तिथनंच पुढं चालू करता येतं. आपल्याकडं लाईट जाते, नेट जातं, मध्येच कुणीतरी दारात येतं, म्हणून हे सांगितलं.

फॉर्म दुसऱ्यानं भरला तरी चालतो पण "कुणी मदत केली का" असा प्रश्न शेवटी असतो, तिथं खरं सांगायचं आणि त्याचं नाव टाकायचं. सही मात्र, म्हणजे ते शेवटचं बटण, तुम्ही स्वतः दाबायचं असतं. याचा अर्थ असा की आत जे काय लिहिलंय त्याला जबाबदार तुम्ही, एजंट नाही. म्हणून बटण दाबायच्या आधी एकदा पूर्ण फॉर्म कुणाकडनं तरी मराठीत वाचून घ्या, अगदी प्रत्येक ओळ. मला तर वाटतं सगळ्या कामात हा तास-दीड तास सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच लोक वाचवायला बघतात.

सगळ्यात जास्त चुका नावात होतात, म्हणून यावर जरा थांबू. आपल्या पासपोर्टवर दोन रकाने असतात, आडनावाचा वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. आपल्याकडं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी पद्धत, त्यामुळं पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही एकाच रकान्यात बसलेले असतात. फॉर्ममध्ये पण ते तसंच टाकायचं, जसंच्या तसं, त्यातलं नवऱ्याचं नाव काढून टाकायचं नाही. काही जुन्या माणसांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो आणि पूर्ण नाव एकाच ठिकाणी असतं, अशा वेळी ते पूर्ण नाव फॉर्मच्या आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात. व्हिसावर पण मग तसंच छापून येतं, घाबरायचं नाही. तरी जमत असेल तर आधी पासपोर्टच दुरुस्त करून घेतलेला बरा, कारण हीच भानगड पुढं विमानाच्या तिकिटाला पण येते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. लग्नानंतर आपल्याकडं नुसतं आडनाव नाही तर कधी कधी नावच बदलतं, माहेरची शालन सासरी सुनंदा होते. फॉर्म विचारतो की आधी कुठलं वेगळं नाव होतं का. तिथं बिनधास्त होय म्हणून माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. लपवण्यासारखं त्यात काहीच नाही, पण नाही लिहिलं आणि शाळेचा दाखला वेगळ्या नावाचा निघाला तर उगाच प्रश्न उभा राहतो. आणि जन्मतारीख! आपल्या आईवडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. खरी तारीख आईला आठवते श्रावणातली, पण फॉर्मला पासपोर्टवरची तारीखच टाकायची, तीच कागदावरची खरी. मुलाखतीत विचारलं तर तीच सांगायची.

नात्यांचे प्रश्न पण नीट बघा. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण कोण अमेरिकेत आहे, त्यांचं तिथलं स्टेटस काय, म्हणजे नागरिक आहेत की ग्रीन कार्डवाले की कामाच्या व्हिसावर. कुणी तुमच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केलाय का. आधी कधी व्हिसा नाकारलाय का. याची उत्तरं त्यांच्या कॉम्प्युटरवर आधीच असतात, त्यामुळं इथं झाकपाक करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. एकदा खोटं सापडलं की कायमची बंदी लागू शकते, नुसता व्हिसा नाकारला जाणं त्यापुढं फारच किरकोळ आहे. मागच्या ५ वर्षांत वापरलेली फेसबुक-इन्स्टाग्रामची अकाउंटंसुद्धा विचारतात, आजोबांचं फेसबुक नातवानं काढून दिलेलं असलं तरी ते लिहायचं.

फॉर्म झाला की फी, पर्यटक-भेटीच्या व्हिसाला जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर, त्याचे रुपये त्यांच्या त्या वेळच्या दरानं होतात. फी बदलते, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी साईटवर बघून घ्या (अमेरिकन सरकारच्या माहितीच्या आणि फॉर्मच्या साईटच्या शेवटी डॉट जीओव्ही असतं). व्हिसा मिळो न मिळो, फी परत मिळत नाही. पावती एक वर्ष चालते. मग अपॉइंटमेंटच्या साईटवर तुमच्या नावानं जे ऑनलाईन खातं काढावं लागतं त्यातनं दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या, एक ठशांची आणि एक मुलाखतीची. त्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेल स्वतःकडंच ठेवा. एजंटनं स्वतःच्या ईमेलवर खातं काढलं की तारीख बदलायची तरी त्याच्याकडं, पासपोर्ट कुठं पोचला ते बघायचं तरी त्याच्याकडं, आणि मग प्रत्येक वेळी पैसे. आणि ज्या फॉर्मचा बारकोड अपॉइंटमेंटच्या कागदावर आहे तोच फॉर्म त्या दिवशी हातात पाहिजे, मध्ये दुरुस्ती म्हणून नवा फॉर्म भरला असेल तर अपॉइंटमेंटमध्ये नवा नंबर टाकून घ्या.

तारीख लांबची मिळते ही तक्रार खरी आहे, कधी कधी फार लांबची. तिकडच्या बारशाची तारीख ठरवून मग अर्ज करू असं म्हणत बसू नका, जायचं मनात आलं की अर्ज करा. पूर्वी काही लोक दुबईला नाहीतर थायलंडला जाऊन लवकरची तारीख घ्यायचे, पण सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेनं सांगितलंय की स्वतःच्या देशात किंवा जिथं राहता तिथंच अर्ज करा, त्यामुळं तो रस्ता आता धरू नका. त्याच महिन्यापासून ७९ वर्षांच्या वरच्या माणसांना मुलाखतीतनं जी सूट होती ती पण गेली. ऐंशी-ब्याऐंशीच्या आजीला पण आता मुंबईला जावं लागतं, हे मला फार कठीण वाटतं पण नियम तसा आहे, त्यामुळं तयारी त्या हिशोबानं करा. जुना व्हिसा संपून १२ महिने झाले नसतील आणि तो १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळालेला असेल तर मुलाखतीशिवाय नवा मिळू शकतो, तरीपण त्यांनी बोलवलं तर जावंच लागतं.

साताऱ्याहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. कृपा करून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी तसंच मुलाखतीला उभं राहू नका. ठशांची आणि मुलाखतीची तारीख लागोपाठच्या दिवशी घ्या आणि एक रात्र मुंबईत कुणाकडं तरी मुक्काम करा. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल नेता येत नाही, स्मार्ट घड्याळ नाही, मोठी बॅग नाही. म्हणून बाहेर थांबणारं कुणीतरी सोबत पाहिजे आणि बाहेर आल्यावर कुठं भेटायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण आत गेलेल्या माणसाकडं फोन नसतो. ऐकायचं मशीन लावत असाल तर लावूनच जा. फोटो दोन इंच बाय दोन इंच, चष्मा काढून.

आता मुलाखत, ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. खोलीत बसवून चौकशी वगैरे काही नसतं, काचेची खिडकी असते, पलीकडं अधिकारी, तुम्ही उभे, आणि बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत काम संपतं. एवढ्यात तो माणूस ठरवतो, म्हणून तो कशाच्या आधारावर ठरवतो हे समजून घ्या. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१४ बी म्हणून कलम आहे. ते कलम त्या अधिकाऱ्याला सांगतं की समोर आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच चाललाय असं धरूनच चाल, आणि तो परत येणार आहे हे त्याचं त्यानं पटवून द्यायचं. म्हणजे साहेब रागीट आहे, आपल्यावर संशय घेतोय, आपल्याला गावंढळ समजतोय असं मनाला लावून घेऊ नका. कायदाच तसा आहे, समोर सूटबूटवाला उभा असला तरी तेच.

मग परत येणार हे कसं पटतं? लोक काय करतात, सातबारा, आठ अ, बँकेची एफडी, घराचा उतारा, सोसायटीचा दाखला, सगळ्याची चार इंच जाड फाईल करून नेतात आणि साहेब ती उघडतसुद्धा नाही, मग बाहेर येऊन म्हणतात की कागदच बघितले नाहीत. नसतीलच बघितले, कारण तो तुमच्या बोलण्यातनं अंदाज घेत असतो. कागद न्या, न्यायला हरकत नाही, पण त्या फाईलच्या भरवशावर जाऊ नका. मुलाचं आमंत्रणाचं पत्र, खर्चाची हमी यातलं काहीही सक्तीचं नाही. सक्तीचं म्हणजे पासपोर्ट, फॉर्मचं कन्फर्मेशनचं पान, अपॉइंटमेंटचा कागद, फोटो.

बोलताना तुमचं रोजचं आयुष्यच सगळ्यात मोठा पुरावा असतं. तासगावचा द्राक्षवाला "ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत यायचंय, बाग दुसऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही" असं म्हणला तर त्यात त्याचा येण्याचा महिना, कारण आणि धंदा सगळं एका वाक्यात आलं. कोरेगावच्या मावशी म्हणल्या की धाकटा मुलगा-सून इथंच आहेत, दोन म्हशी आहेत, मुलीची डिलिव्हरी जुलैत आहे, तिच्याजवळ तीन महिने राहून परत येणार, तर ते पण पुरेसं आहे. हे पाठ करायला लागत नाही कारण ते खरंच आहे. पाठ केलेलं मात्र लगेच कळतं. "आय एम गोइंग फॉर टुरिझम" असं घोकवून पाठवतात आणि मग साहेबानं विचारलं की काय काय बघणार तर माणूस गप्प. मुलीच्या बाळंतपणाला चाललाय तर बाळंतपणालाच चाललोय म्हणा, नातवंडांना भेटायला जाणं हे या व्हिसाचं अगदी मान्य असलेलं कारण आहे. फक्त तिकडं जाऊन पगारी काम करायला परवानगी नाही, दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणंसुद्धा त्यातच येतं.

थोडी तयारी एवढीच करा. मुलगा कुठल्या गावात, कुठल्या राज्यात राहतो, काय काम करतो, कंपनीचं नाव, घरात कोण कोण, किती दिवसांसाठी चाललोय, खर्च कोण करणार. शेती किती हे गुंठ्यात सांगू नका, एकरात सांगा (४० गुंठ्यांचा एक एकर), गुंठा त्याला कळणार नाही. पेन्शन असेल तर महिन्याची. प्रश्न ऐकू आला नाही तर परत विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, नवरा-बायको दोघं एकत्र उभे असतात तेव्हा सगळी उत्तरं दादाच देतात आणि आई मागं पदर धरून उभी राहते. साहेब मुद्दाम तिच्याकडं बघून विचारतो आणि ती यांच्याकडं बघते. घरी आईला बोलतं करा, तिला तिच्या शब्दांत सांगू द्या, मध्ये बोलू नका. नातवाबद्दल तिच्याइतकं सरळ आणि खरं कुणीच बोलत नाही.

नाही मिळाला तर? २१४ बी खाली नाकारला तर एक कागद हातात देतात. त्याच्यावर अपील नसतं, पण तो जन्माचा शिक्का पण नाही. परत अर्ज करता येतो, फी परत भरून, पण पुढच्या महिन्यात तेच कागद तेच उत्तर घेऊन गेलात तर निकाल बहुतेक तोच लागणार. काहीतरी बदललेलं असावं किंवा मागच्या वेळी सांगायचं राहिलेलं असावं. दुसरा एक कागद असतो २२१ जी, त्याचा अर्थ अजून निर्णय पूर्ण झालेला नाही, एखादा कागद पाहिजे नाहीतर तपासणी चालू आहे. त्यांनी जे मागितलंय तेवढंच, सांगितलंय तसं द्या आणि थांबा. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका, कितीही स्वस्त दिसलं तरी. आणि "गॅरंटीनं व्हिसा करून देतो" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याशिवाय हे कुणाच्याच हातात नाही, एजंटचा हात आत पोचत नाही. उसाच्या बिलाचे पैसे असे गेलेले बघितले की फार वाईट वाटतं.

व्हिसा मिळाला की आपल्या लोकांना साधारण १० वर्षांचा मिळतो, आणि इथं सगळ्यात मोठा गैरसमज सुरू होतो. १० वर्षांचा व्हिसा म्हणजे १० वर्षांत कितीही वेळा दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक वेळी नव्यानं ठरवतो, बहुतेक वेळा ६ महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, कागद हातात मिळत नाही, ऑनलाईन बघावी लागते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला ती काढायला सांगा आणि फ्रिजवर चिकटवा. त्या तारखेच्या आत निघायचं, नाहीतर त्या तारखेच्या आधी आय-५३९ नावाचा अर्ज करून मुदत वाढवून मागायची. एक दिवस जरी उगाच जास्त राहिलात तरी तो १० वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. त्या तारखेच्या पुढं १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग निघालात तर ३ वर्षं बंदी, एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर १० वर्षं. पासपोर्ट मध्येच संपला पण जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून जाता येतं, जुना फेकू नका. आणि मेडिकल इन्शुरन्स. अमेरिका तो मागत नाही, पण तो न काढता साठीच्या पुढच्या माणसानं जाऊच नये, तिथल्या दवाखान्याचं बिल भरायला इथली जमीन काढावी लागेल.

बाकीच्या देशांचं पटकन. इंग्लंडला बहुतेकदा समोरासमोर मुलाखत होत नाही, सेंटरवर ठसे द्यायचे आणि कागद बघूनच निर्णय, त्यामुळं तिथं मात्र बँकेचं स्टेटमेंट आणि कागद नीट पाहिजेत, म्हणजे अमेरिकेच्या बरोबर उलटं. तिथं पण लांब मुदतीचा व्हिसा मिळाला तरी एका वेळी साधारण ६ महिनेच. युरोपातल्या शेंगेन देशांना (जिथं एकाच व्हिसावर सगळीकडं फिरता येतं) जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो फी आहे, कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स सक्तीचा, आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडं अर्ज करायचा. मुलगा जर्मनीत असेल तर फ्रान्सची तारीख लवकर मिळते म्हणून तिकडं अर्ज करू नका. कॅनडात मुलगा नागरिक किंवा पीआर (कायम राहायची परवानगी असलेला) असेल तर आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण मुलाचं उत्पन्न, मेडिकल तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा इन्शुरन्स लागतो. या बऱ्याच देशांचे कागद व्हीएफएसच्या सेंटरवर घेतात, ती कंपनी फक्त कागद घेते आणि पोचवते, निर्णय तिचा नसतो.

आता उलटी बाजू, म्हणजे आपल्या पोरांना तिकडं असलेल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये लागणारी कामं, कारण त्याचा धागा परत साताऱ्यातच येतो. नातू अमेरिकेत जन्मला आणि त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढला की तो भारताच्या हिशोबानं परदेशी. त्याला आजीकडं यायला व्हिसा नाहीतर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) लागतं, आणि हे काम विमानाचं तिकीट काढायच्या बरंच आधी सुरू करायला सांगा. मुलानं स्वतः तिकडचं नागरिकत्व घेतलं तर १९५५ च्या आपल्या कायद्याप्रमाणं त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं, दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडं नाही, जुना भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. कुठल्या कॉन्सुलेटकडं जायचं हे तो कुठल्या राज्यात राहतो त्यावर ठरतं, जवळचं कुठलं त्यावर नाही.

आणि जमीन. बाहेरच्या पोराला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, भारतीय पासपोर्टवर असला तरी नाही आणि ओसीआयवर असला तरी नाही, वारसानं मिळालेली मात्र ठेवता येते. वाटणी, विक्री, सह्या यासाठी तो येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करून पाठवतो. ते भारतीय कॉन्सुलेटकडनं साक्षांकित करून घ्यायचं, नाहीतर तिथल्या नोटरीपुढं करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का, घ्यायचं, भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. कागद इथं पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या, कपाटात ठेवून दिला तर नंतर तोच कागद अडतो. त्यातलं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळतंय का हे मसुदा पाठवायच्या आधीच बघा, सह्या झाल्यावर नाही.

शेवटी आखातात कामाला जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांसाठी, सांगली-मिरजेकडनं, खानापूर-आटपाडीकडनं जाणारी पोरं आहेत म्हणून. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआरचा (म्हणजे परदेशी कामाला जायच्या आधी सरकारी तपासणी लागणारा) असतो, आणि अशा माणसाला ठराविक १८ देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारची परवानगी ई-मायग्रेट पोर्टलवरनं घ्यावीच लागते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना असते, २ वर्षांना २७५ आणि ३ वर्षांना ३७५ रुपये हप्ता, आणि अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. एजंट परवानाधारक आहे का ते त्याच पोर्टलवर बघता येतं, आणि परवानाधारक एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगीच नाही. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग तिथं कामाचा करून देतो" असं कुणी म्हणलं की तिथंच थांबा, कारण तसा गेलेला माणूस कुठल्याच नोंदीत नसतो.

तिकडं पगार अडकला, पासपोर्ट काढून घेतला, अपघात झाला, नाहीतर देव न करो पण कुणी गेलं, तर तिथल्या भारतीय दूतावासाला आणि कॉन्सुलेटला मदत करायची असते, मृतदेह घरी आणायला पैसे नसतील तर त्यासाठी २००९ पासून वेगळा कल्याण निधी पण आहे. परराष्ट्र खात्याचं "मदद" नावाचं पोर्टल २०१५ पासून चालू आहे, त्यावर इथल्या घरच्या माणसाला घरबसल्या तक्रार टाकता येते. तेव्हा पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव, तिथला पत्ता आणि फोन हेच आधी लागतं. म्हणून पोरगं निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि कंपनीच्या करारपत्राची झेरॉक्स काढून घरात ठेवून घ्या, आणि तिथं पोचल्यावर खोलीचा पत्ता बदलला की दर वेळी नवा लिहून घ्या.